रेडिओलॉजी मिळेल का?

नीट पीजीचा निकाल लागला की नातेवाईक आधी पर्सेंटाइल विचारतात. त्यावरून फारसं काही कळत नाही. पर्सेंटाइलने फक्त प्रवेशप्रक्रियेत पाऊल ठेवता येतं. २०२३ मध्ये तर पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. पण म्हणून काही सरकारी महाविद्यालयातली रेडिओलॉजी कुणाला सहज मिळाली नाही. पाहायचा तो रँक.

सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, निम्म्या राज्याच्या. महाराष्ट्रात एमबीबीएस केलेल्याने दोन्हीकडच्या जुन्या याद्या काढाव्यात: आपल्या प्रवर्गात त्या विषयाची शेवटची जागा कितव्या रँकला गेली? हे फेरीनुसार पाहावं, कारण वरचे विद्यार्थी जागा सोडतात, बदलतात आणि कटऑफ पुढच्या फेऱ्यांत अनेकदा खाली येतो. एका वर्षाचा आकडा फसवतो. दोन-तीन वर्षांचे घ्या. खासगीत रँक सैल चालतो, पण तिथला हिशेब वडिलांच्या पासबुकाशी.

पसंतीक्रम भरताना भिऊन आवडता विषय खाली ढकलू नये. तो वर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही.