स्वराज द्वीपावर लग्न करायचं तर

अंदमानातल्या बेटावर लग्न करायचं ठरलं की घरात आधी फोटोंची चर्चा होते, मग तिकिटांची. कागदाची आठवण शेवटी होते. क्रम उलटा हवा, कारण कायद्याचं लग्न आणि समुद्रासमोरचं लग्न ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच दिवशी, एकाच वाळूवर उरकायचा हट्ट धरला की गोंधळ सुरू होतो.

वधूवर दोघंही हिंदू असतील तर १९५५चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. त्यात लग्न विधींनी लागतं आणि नोंदणी हा त्याचा पुरावा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं: विधी झालेच नसतील तर नुसतं प्रमाणपत्र लग्न ठरत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर हार घालून, केक कापून आलेल्या जोडप्याने लग्न लागलं असं समजू नये. दोन्हीपैकी एका घराच्या रीतीप्रमाणे विधी व्हायला हवेत, आणि रीतीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. मग ती सात पावलं पुण्यात पडोत की वाळूत. महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जाला तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. म्हणून कोरा अर्ज सोबत न्यावा आणि गुरुजींची सही परतीची बोट पकडण्यापूर्वी घ्यावी. लग्न अंदमानात लागलं तर नोंदणी तिथे करायची की घरच्या पत्त्यावर, हे मात्र आपल्या निबंधक कार्यालयात निघण्याआधीच विचारून घ्यावं.

वधूवरांचे धर्म वेगळे असतील, किंवा विधीच नको असतील, तर १९५४चा विशेष विवाह कायदा. इथे बेटाचं स्वप्न अडतं. नोटीस द्यायची ती ज्या जिल्ह्यात दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबायचं. स्वराज द्वीप दक्षिण अंदमान जिल्ह्यात येतं, म्हणजे नोटिशीआधी त्याच जिल्ह्यात राहावं लागेल. सुट्टी काढून आलेल्या माणसाला हे जमणारं नाही. सरळ उपाय असा की नोटीस आपल्या गावी द्यावी, मुदत संपली की तीन साक्षीदारांसमोर तिथेच सह्या कराव्यात आणि मग निर्धास्तपणे बेटावर सोहळा करावा. नोटीस तीन महिने चालते, तेवढ्यात सह्या व्हायला हव्यात. मॉरिशस किंवा मालदीवचा विचार करणाऱ्यांना तिथला स्थानिक कायदा आणि आपला १९६९चा परदेशी विवाह कायदा, दोन्ही बघावे लागतात. भारतातलंच बेट निवडण्याचा मोठा फायदा हाच, की ही दुसरी पायरी वाचते.

आता बेट. स्वराज द्वीप हे हॅवलॉकचं २०१८ पासूनचं नाव. तिथे विमानतळ नाही. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पुढचा प्रवास बोटीने. खासगी वेगवान बोटी साधारण दीड तासात नेतात, सरकारी बोटीला अडीचेक तास लागतात. समुद्र खवळला की दोन्ही बंद, आणि त्या दिवशी पैसे टाकूनही पर्याय मिळत नाही. म्हणून विमानातून उतरून त्याच दिवशी बोट पकडायचा बेत करू नये. एक मुक्काम पोर्ट ब्लेअरला ठेवावा. मराठी पाहुण्यांना तिथे काय दाखवायचं हा प्रश्नच नाही: सावरकर १९११ ते १९२१ ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते तिथेच आहे. परतीच्या बाजूलाही एक दिवस मोकळा असावा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून आणि त्यामागोमाग ईशान्येचा पाऊस, म्हणजे भरवशाचा काळ उरतो तो डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. आपली लग्नसराई मेमध्येही जोरात असते, पण मे इथे विसरा.

वेळेची गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अंदमान सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७३ वर. घड्याळ मात्र एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या आत. मुंबईत सहाला गोरज मुहूर्त असेल, तर त्याच घड्याळी वेळेला बेटावर मिट्ट काळोख. शिवाय लग्नाचं लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, आणि ती जागेप्रमाणे बदलते. म्हणून मुंबई-पुण्याच्या पंचांगातली वेळ जशीच्या तशी न उचलता गुरुजींना बेटाचे अक्षांश-रेखांश द्यावेत: साधारण १२ उत्तर, ९३ पूर्व.

या पंचांगाच्या जोडीला एक दुसरं पंचांग लागतं, ते भरती-ओहोटीचं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी कोष्टकं काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी. तिथी आणि भरतीची वेळ एकमेकांना बांधलेली असल्यामुळे साधारण पंधरा दिवसांनी त्याच वेळेला तीच स्थिती येते. याचा उपयोग असा, की तिथी ठरली की मांडव कुठे घालायचा हेही जवळजवळ ठरतं.

किनारा कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. पूर्वेकडे गोविंदनगर आणि विजयनगर, जिथे बहुतेक हॉटेलं आहेत. तिथला समुद्र उथळ. ओहोटीला पाणी लांबवर जातं आणि मागे खडक आणि प्रवाळ उघडे पडतात. उधाणाच्या भरतीला उलट, वाळूची पट्टी झाडांपर्यंत आक्रसते. पश्चिमेला राधानगर. तिथे वाळू भरपूर आणि सूर्यास्त थेट समुद्रात, पण तो सार्वजनिक किनारा आहे, २०२० पासून ब्लू फ्लॅग मानांकनाचा. तिथे मांडव, होम आणि ध्वनिवर्धक घेऊन बसणं मला तरी पटत नाही. होम हॉटेलच्या अंगणात, लोखंडी कुंडात, वाऱ्याला आडोसा करून करावा, आणि राधानगरला नवराबायकोने जाऊन सूर्यास्त बघावा. सकाळचा मुहूर्त असेल तर पूर्वेचा किनारा उत्तम. डिसेंबरात साडेपाचला उजाडतं, आठला लग्न लागलं तरी ऊन सोसवतं.

सामानाचं सांगायचं तर अंतरपाट, मुंडावळ्या, हळकुंडं, सुपाऱ्या, जानवी घरून न्यावीत. कापूर, काडेपेटी आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्या आगीच्या धोक्यात मोडतात. ओला नारळ बेटावर हवा तेवढा मिळतो. फुलं आधी सांगून ठेवावी लागतात. बेटावरची बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांची, म्हणून पुरोहित आणि आचारी बंगाली मिळण्याची शक्यता जास्त. मंगलाष्टका आपल्या हव्या असतील तर गुरुजी सोबत न्यावेत. मासे मात्र तिथल्याच आचाऱ्याच्या हातचे खावेत, त्यात आपण शहाणपणा करू नये.

वयस्कर मंडळींसाठी लक्षात ठेवावं की मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, म्हणजे बोटीपलीकडे. ज्यांना प्रवास झेपणार नाही त्यांनी घरूनच सोहळा बघावा. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल २०२० पासून बेटापर्यंत पोचली आहे.

निघताना शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नका. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आणि शेवटचा हिशेब यादीचा. चाळीस-पन्नास माणसं असतील तर हे लग्न निभतं. यादी दीडशेवर जात असेल, तर इतक्या लोकांची बोट चुकण्याची जोखीम घेऊ नका. अलिबाग-दापोलीचा किनारा गाठा, आणि अंदमानला नंतर दोघंच जा.