‘परत येईन’ असं लिहिलं की झालं?

तासगाव भागातली एक मुलगी गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचे कागद घेऊन माझ्याकडे आली. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून आसपासची मुलं असले मसुदे तपासायला आणतात. बी.एस्सी. ॲग्री झालेली, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, आणि तिकडच्या एका विद्यापीठात फळप्रक्रियेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेला. एजंटने लिहून दिलेलं पान मी वाचलं. ऑस्ट्रेलियात जागतिक दर्जाचं शिक्षण मिळतं, तिथे अनेक संस्कृती एकत्र नांदतात, शिक्षण संपताच मी मायदेशी परतून देशाची सेवा करीन. स्पेलिंगची एकही चूक नव्हती. पण त्या पानात ती मुलगी कुठेच नव्हती. वरचं नाव बदललं असतं तर तेच पान हॉटेल मॅनेजमेंटला निघालेल्या मुलालाही चाललं असतं.

ऑस्ट्रेलियाच्या ५०० क्रमांकाच्या स्टुडंट व्हिसासाठी आपण खरोखर शिकायलाच चाललो आहोत हे अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. ते कसं पटतं, याबद्दल घरोघरी इतके गैरसमज आहेत की लोक हजारो रुपये मोजून चुकीचा सल्ला विकत घेतात.

‘परत येण्याचं वचन दिलंच पाहिजे’

हा सगळ्यांत जुना समज आहे आणि एके काळी तो बरोबरही होता. २०१०च्या आधी ऑस्ट्रेलियात मागणी असलेल्या व्यवसायांची एक यादी होती. तीत स्वयंपाकी आणि हेअरड्रेसरही होते, आणि त्या कोर्सवरून कायमच्या वास्तव्याची वाट जवळची पडायची. शिकण्यापेक्षा त्या वाटेसाठी प्रवेश घेणारे वाढले, त्यांच्यावर जगणाऱ्या खासगी संस्थाही वाढल्या. फेब्रुवारी २०१०मध्ये ती यादी रद्द झाली. पुढच्या वर्षी मायकल नाइट यांनी विद्यार्थी व्हिसाचा आढावा घेतला आणि नोव्हेंबर २०११पासून ‘जेन्युइन टेम्पररी एंट्रंट’ ही अट आली. तिचा सगळा भर ‘टेम्पररी’ या शब्दावर होता. तुम्ही तात्पुरतेच येताय ना, हे सिद्ध करा.

ही अट २३ मार्च २०२४पासून नव्या अर्जांना लागू नाही. तिच्या जागी ‘जेन्युइन स्टुडंट’ ही कसोटी आली आहे. शिकताना तिथे गरजेची असलेली कौशल्यं ज्यांच्या अंगी येतील, ते पुढे कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करू शकतात, आणि अशा विद्यार्थ्यांनाही ही कसोटी सामावून घेते, असं तिथल्या गृहविभागाने स्पष्ट सांगितलं आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. शिक्षणानंतर काही काळ राहून काम करण्याचा व्हिसा सरकारच देत होतं आणि अर्जात मात्र ‘मी लगेच परत जाईन’ असं लिहायला लावत होतं. आयुष्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या हातून पहिलंच खोटं वाक्य असं लिहून घेतलं जायचं.

म्हणून ‘मला पीआरच (कायमचं वास्तव्यच) हवाय’ असं लिहायचं का? नाही. शिकणं हाच जाण्याचा मुख्य हेतू आहे, हे आजही दिसावंच लागतं. वचनांची रास मात्र लागत नाही.

गोंधळ होतो तो नातेवाइकांच्या सल्ल्यामुळे. न्यू जर्सीतला मामा सांगतो, परत येणार असंच सांग. त्याच्या देशापुरतं त्याचं बरोबर आहे. अमेरिकेच्या कायद्यातल्या २१४(बी) कलमानुसार, उलट पटवून देईपर्यंत अर्जदार तिथे स्थायिकच व्हायला निघालाय असं गृहीत धरलं जातं. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या काउंटरवर जे उपयोगी, ते मेलबर्नच्या अर्जात जसंच्या तसं उतरवलं तर अर्ज जुन्या नियमांवर लिहिलेला दिसतो. उलट्या दिशेनेही तेच: ऑस्ट्रेलियाच्या मोकळिकीवर विसंबून अमेरिकेच्या मुलाखतीला जाऊ नये.

‘एसओपी भारी लिहून घेतला की काम झालं’

आता लांबलचक एसओपीला, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ला, तशी जागाच राहिलेली नाही. ऑनलाइन अर्जातच प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला जास्तीत जास्त १५० शब्द, तेही इंग्रजीत. सध्याची तुमची परिस्थिती काय, घराशी, समाजाशी, नोकरीशी आणि पैशाअडक्याशी असलेले बंध काय. हाच कोर्स, हीच संस्था आणि हाच देश का, आणि तिथल्या शिकण्या-राहण्याची तुम्हाला कितपत कल्पना आहे. या शिक्षणाचा तुम्हाला उपयोग काय. पुराव्याविना केलेल्या सरधोपट विधानांना फारसं वजन दिलं जात नाही, हेही गृहविभागच सांगतो. म्हणजे वाक्य किती देखणं आहे यापेक्षा त्याच्यामागे कागद कुठला आहे, हे बघितलं जातं.

मी त्या मुलीला मसुदा बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘शेडवर तू काय करतेस?’

ती बोलू लागली. द्राक्षं डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायची, मग रॅकवर जाळीवर पसरायची. मण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. द्रावणाने तो थर सैल होतो आणि माल लवकर वाळतो. एका वर्षी अवकाळी पाऊस आला, हवेत दमटपणा राहिला, आणि रॅकवरचा माल काळा पडला. हिरव्या बेदाण्याचा भाव मिळाला नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात वाळवणीचं नियंत्रण हाच विषय घोळत होता.

‘ही बुडवायची पद्धत कुठली?’ मी विचारलं.

‘सर, ऑस्ट्रेलियन. कॉलेजात शिकवली होती.’

‘मग हे इथे का नाही?’

‘एजंट म्हणाले, शेतीचं लिहू नकोस. गरीब दिसतं.’

व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीकाठी मिल्ड्युराचा परिसर बेदाण्यासाठी ओळखला जातो. तासगावच्या शेडवर जे द्रावण दर हंगामात बादल्यांनी कालवलं जातं, तीच पद्धत तिकडच्या उत्पादकांकडे रुळलेली. ‘हाच देश का’ या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर कुणाला विकत मिळालं असतं? आणि तिच्याकडून तेच लपवून घेतलं जात होतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

‘खात्यात मोठी रक्कम दिसली की पुरे’

१० मे २०२४पासून एकट्या विद्यार्थ्याला वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे पंधरा लाख रुपयांच्या वर. पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च वेगळा. पण नुसता आकडा दिसून भागत नाही. ते पैसे खरोखर तुमच्या हाती येणार आहेत का, हे बघितलं जातं.

आपल्याकडे याच जागी ‘बॅलन्स दाखवण्याचा’ धंदा चालतो. कुणीतरी टक्केवारी घेऊन महिन्याभरासाठी खात्यात वीस लाख टाकतो. वर्षभर काही हजारांत फिरणाऱ्या खात्यात एके दिवशी वीस लाख उतरले, तर ते कुठून आले हा प्रश्न कुणालाही पडेल. त्यापेक्षा बँकेचं मंजूर शैक्षणिक कर्ज कितीतरी सरळ. ते उघडपणे मान्य होतं, आणि कर्ज दाखवलं की अर्ज कमकुवत होतो हा समज खोटा आहे.

शेतकरी घरांना मात्र इथे दोन गोष्टी नीट सांगायला हव्यात. सातबारा जोडला की पैशाची अट पुरी झाली, असं होत नाही. जमिनीची किंमत म्हणजे हातातला पैसा नव्हे. सातबारा तुमचं गावाशी असलेलं नातं दाखवतो, तेवढ्यापुरता तो जोडावा. दुसरी गोष्ट, बेदाण्याचा पैसा महिन्याच्या पगारासारखा येत नाही. सौदा झाला की एकदम मोठी रक्कम जमा होते. नोकरदाराच्या खात्यात संशयास्पद वाटेल अशी नोंद इथे अगदी प्रामाणिक असते. तिच्यासोबत अडत्याची पट्टी हवी, तिचं इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, पात्रता हेही त्यावर हवं. मराठीतला कागद तसाच जोडला तर अधिकाऱ्याला तो वाचता येणार नाही.

‘गॅप झाकायचा असतो’

या मुलीच्या शिक्षणात दोन वर्षांचा गॅप होता. एजंटने त्यावर उपाय काढला होता: सांगलीतल्या एका दुकानाचा अनुभवाचा दाखला. ती त्या दुकानात कधी गेलीही नव्हती. दोन वर्षं ती शेडचा हिशेब सांभाळत होती, त्याच्या वह्या तिच्या अक्षरात होत्या, शेतकरी उत्पादक कंपनीचं पत्र मिळण्यासारखं होतं. खरी दोन वर्षं घरात असताना खोटी बाहेरून आणायची काय गरज?

आणि हे नुसतं नैतिकतेचं बोलणं नाही. तिथल्या नियमांत ४०२० क्रमांकाचा एक निकष आहे. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय पुढची ३ वर्षं त्या निकषाखालचे व्हिसाही मिळत नाहीत. ओळखीबाबतच खोटेपणा असेल तर १० वर्षं. कागद एजंटने बनवला होता, मला माहीत नव्हतं, या सबबीने सहसा सुटका होत नाही. दुसऱ्या देशाने पूर्वी व्हिसा नाकारला असेल तर तेही याच कारणाने लपवू नये. अर्जात तो प्रश्न थेट विचारलेला असतो. पूर्वीचा नकार समजावून सांगता येतो, लपवलेला नकार समजावता येत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, अर्ज कुणीही भरू दे, इमीअकाउंटचा, म्हणजे व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा, पासवर्ड तुझ्याकडे पाहिजे. आपल्या नावाने काय पाठवलं गेलं हे मुलांना नकारपत्र आल्यावर कळतं, असं मी पाहिलं आहे. शिवाय व्हिसाच्या आधी विद्यापीठही बऱ्याचदा स्वतः फोनवर किंवा व्हिडिओवर चौकशी करतं. तेव्हा दुसऱ्याने लिहिलेलं उत्तर तिसऱ्या प्रश्नालाच संपतं.

‘काही कमी असेल तर ते मागतील की’ हाही भरवसा धरू नये. आहे त्या कागदांवर निर्णय घ्यायची मुभा अधिकाऱ्याला असते. १ जुलै २०२५पासून अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे लाखाच्या वर, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. भारतातून केलेल्या अर्जाला नकार आला तर तिथल्या न्यायाधिकरणाकडे दादही सहसा मागता येत नाही. नव्याने अर्ज मात्र करता येतो. एक नकार म्हणजे दार कायमचं बंद, असं मानून रडत बसलेल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. नकारपत्रातली कारणं वाचून त्यांना उत्तर देणारे नवे कागद जोडावेत. तोच अर्ज पुन्हा पाठवला तर उत्तरही तेच येतं.

तिने पुन्हा लिहायला चार दिवस घेतले. पहिल्या खेपेला चारशे शब्द झाले, मग अडीचशे, शेवटी १४६. ‘देशसेवा’ गेली, शेड, पाऊस, काळा पडलेला माल आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले वाळवणीचे दोन विषय नावानिशी आले. सगळी उत्तरं तिने माझ्या पडवीत वडिलांना मराठीत वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. ती पैशाच्या उत्तराशी आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

‘ती पट्टी एप्रिलची न्हाई, मे महिन्यातली हाय. एप्रिलात आपला सौदाच झाला नव्हता.’

तिने पिशवीतून पट्टी काढली, तारीख पाहिली, उत्तरात दुरुस्त केली, आणि मग भाषांतराचा कागद उघडून तिथेही तपासली.