घरच्या शिलाई मशीनवर भरतकाम: कापड हलवायचं कुणी?

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातली अडखळणं काढली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय शिवणकामाचा आहे, पण लगेच पुढचा भाग लावू नका. यात मोटारी आहेत, लोहचुंबक आहे आणि थोडं गणितसुद्धा आहे.

झालं असं, की शिक्रापूरहून आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. तिची आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मशीन जुनं, काळं, पायाचं. हल्ली गिऱ्हाईक विचारतं, "ताई, बाहीवर बुट्टी टाकून मिळेल का? पाऊचवर नाव भरून मिळेल का?" आई नाही म्हणते आणि ते काम पुण्याला जातं. एम्ब्रॉयडरीचं तयार मशीन घ्यायचं तर त्याची किंमत साध्या मशीनच्या कितीतरी पट. मग याच मशीनला काही जोडता येईल का? धाकटा भाऊ स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयारच आहे. पण आई म्हणते, लग्नसराईत माझ्या मशीनला हात लावायचा नाही.

आधीच सांगतो, मी आईच्या बाजूनं आहे. घरात एकच मशीन आणि त्यावरच पैसे येत असतील, तर त्याला भोक पाडणारी, कायमचं काहीतरी काढून टाकणारी जोडणी कितीही भारी असली तरी नको. दोन मिनिटांत लागली पाहिजे, दोन मिनिटांत निघाली पाहिजे आणि निघाल्यावर मशीननं आधीसारखीच सरळ शिलाई मारली पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, कारण अशी जोडणी खरंच बनते. का बनते, ते कळायला मशीन काय करतं ते आधी बघू.

शिलाई मशीनमध्ये दोन वेगळी कामं चालतात. एक सुईचं. सुई वरचा धागा घेऊन खाली जाते, किंचित वर येते, तेव्हा धाग्याचा छोटा फास तयार होतो. खालचं शटल तो फास पकडतं आणि बॉबिनच्या भोवती फिरवतं. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा एकमेकांत अडकले, की झाला टाका. दुसरं काम कापडाचं. सुईखाली पट्टीतून वर येणारे दाते असतात ना, ते प्रत्येक टाक्यानंतर कापड थोडं पुढे ढकलतात. फक्त पुढे. म्हणून शिलाई सरळ येते.

भरतकामात सुईचं काम अगदी तेच राहतं. फरक फक्त कापडात. ते पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, तिरकं, कुठेही हललं पाहिजे. म्हणजे सुईच्या यंत्रणेला हात लावायची गरजच नाही! दात्यांना सुट्टी द्यायची आणि कापड हलवायला दुसरं कुणीतरी शोधायचं. जोडणी साधी असू शकते ती यामुळे.

पण एक नियम मोडून चालत नाही: सुई कापडात असताना कापड हलवायचं नाही. हलवलं तर सुई वाकते, पट्टीवर आपटते, तुटते. तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो, म्हणून हे काम करताना चष्मा लावा. हे मी सगळ्या भावांना उद्देशून बोलतोय.

आता कापड हलवणारं हे 'दुसरं कुणीतरी' कोण? सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे आपले हात. रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, दाते खाली करायचे किंवा त्यांच्यावर झाकणपट्टी बसवायची आणि दोन्ही हातांनी रिंग फिरवत टाके घालायचे. मशीन एम्ब्रॉयडरीच्या क्लासमध्ये शिकवतात ते हेच. इथे एक गंमत आहे. हातानं भरताना कापड रिंगच्या वरच्या अंगाला असतं. मशीनवर रिंग उलटी, म्हणजे कापड खालच्या अंगाला, पट्टीला चिकटून. नवशिके हमखास इथे चुकतात आणि मग टाका का बसत नाही म्हणून मशीनला शिव्या घालतात.

सुई वर येताना कापडाला सोबत उचलते, हेही लक्षात घ्या. कापड उचललं गेलं की धाग्याचा फास नीट होत नाही आणि टाका सुटतो. म्हणून नेहमीचा प्रेसर फूट काढून तिथे स्प्रिंगचा, रफूला वापरतात तो फूट लावतात. सुई खाली आली की तो कापड दाबतो, सुई वर गेली की सोडतो. पुढे मोटारीची जोडणी लावली तरी हा फूट लागणारच. एवढासा तुकडा, पण निम्म्या तक्रारी त्यानं मिटतात.

दुसरं उत्तर यांत्रिक आहे आणि मला ते फार आवडतं. विसाव्या शतकाच्या मध्यात सिंगर कंपनी झिगझॅगची एक जोडणी विकायची. ती प्रेसर फूटच्या जागी बसते. तिचा एक चिमट्यासारखा दांडा सुईच्या स्क्रूवर अडकवतात. सुई वर-खाली होते तसा दांडा हलतो आणि आतली एक चकती थोडी थोडी फिरते. चकतीची कड जशी कापलेली असेल, तसं कापड डावी-उजवीकडे सरकतं. चकती बदलली की नक्षी बदलते. ना वीज, ना कॉम्प्युटर. चकतीची कड हाच तिचा प्रोग्राम! मर्यादा अशी, की नक्षी काठासारखी एका ओळीत येते. बुट्टी किंवा नाव त्यात जमत नाही.

तिसरं उत्तर म्हणजे मोटारी, आणि भावाला हेच करायचंय. रिंग एका हलक्या चौकटीवर बसवायची. एक मोटार चौकट डावी-उजवीकडे सरकवणार, दुसरी पुढे-मागे. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतात त्याच स्टेपर मोटारी, तेच दातेरी पट्टे. नेमा १७ जातीची नेहमीची मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. तिला २० दात्यांची, २ मिलिमीटर अंतराच्या पट्ट्याची पुली लावली, तर एका फेऱ्यात चौकट ४० मिलिमीटर सरकते. म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर. भरतकामाला एवढी अचूकता पुष्कळ झाली. हे चालवायला एक आर्डुइनो आणि मोटारींचे दोन ड्रायव्हर लागतात.

खरी युक्ती पुढे आहे. मशीनच्या हातचाकावर एक छोटा लोहचुंबक चिकटवायचा आणि शेजारी, मशीनला न लावता, स्टँडवर चुंबक ओळखणारा सेन्सर. सुई कापडातून पूर्ण बाहेर आली, की बरोबर त्या क्षणी चुंबक सेन्सरसमोर यायला हवा. सेन्सर सांगतो, "सुई वर आहे", आणि आर्डुइनो चौकट पुढच्या टाक्याच्या जागी नेऊन थांबतो. परत सुई खाली, परत वर, परत खूण. म्हणजे मोटारी मशीनला चालवत नाहीत, मशीनच्या मागे मागे जातात. म्हणूनच मशीन पायानं चालवलं तरी चालतं! पाय थांबला की भरतकाम थांबलं. वीज गेली तरी मोटारी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतील.

वेगाचं गणित करू. मिनिटाला ३०० टाके, म्हणजे एका टाक्याला ०.२ सेकंद. त्यातला जेमतेम अर्धा वेळ सुई कापडाबाहेर असते. तेवढ्यात, ०.१ सेकंदात, चौकट ४ मिलिमीटरपर्यंत सरकून स्थिर व्हायला हवी. चौकट जड असेल तर ती थरथरते आणि टाका वाकडा पडतो. म्हणून चौकट हलकी ठेवा आणि सुरुवात सावकाश करा, १०० ते १५० टाक्यांनी. वेग फारच वाढला तर बझर वाजेल एवढी सोय प्रोग्राममध्ये करून ठेवा, पाय आपोआप हळू होतो.

जुन्या पायमशीनचा इथे एक फायदा आहे. त्याचा बेड लाकडी टेबलाशी सपाट असतो, म्हणून चौकटीचे रूळ थेट टेबलावर ठेवून शिकंज्यानं आवळता येतात. मशीनला एकही भोक नाही. शिकंजे सोडले, झाकणपट्टी काढली, फूट बदलला, की आईचं मशीन आईला परत. हातमशीन लाकडी पेटीवर असतं, तिथे बेडच्या उंचीचा प्लायवूडचा ओटा करावा लागतो. एक गोष्ट मात्र बदलत नाही: सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामध्ये जेवढी जागा, तेवढीच रिंग. नऊवारीचा पदर भरायची स्वप्नं बघू नका, बुट्टी, नाव, बिल्ला एवढंच.

नक्षीचं काय? "फोनमधला फोटो टाकला की मशीन भरतं" असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी वाईट बातमी. फोटोला टाके नसतात. कुठून सुरू करायचं, टाक्यांची दिशा कुठली, किती दाट, हे कुणीतरी ठरवावं लागतं. इंकस्केप हे चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्यात इंक/स्टिच नावाची जोड मिळते, तीही फुकट. तिच्यात आकार टाक्यांमध्ये बदलता येतो आणि मोटारींना समजेल अशा जी-कोडमध्येही काढता येतो. यासाठी कॉम्प्युटर लागतो. एकदा फाइल झाली की ती पाठवायचं काम फोनवरून होऊ शकतं.

किती टाके लागतात याचा अंदाज असा घ्या. भराव्याच्या दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर आणि एक टाका ४ मिलिमीटरचा धरला, तर १ चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२ टाके. ५ बाय ५ सेंटिमीटरचा पूर्ण भरलेला चौकोन म्हणजे दीड हजारावर टाके, मिनिटाला १५० च्या वेगानं दहा-अकरा मिनिटं. प्रत्यक्षात खालचा आधाराचा थर, वळणं, रंग बदलताना थांबणं, सगळं धरून दुप्पट वेळ धरा. गिऱ्हाइकाला भाव सांगताना हाच आकडा उपयोगी पडेल, नुसत्या धाग्याचा खर्च नाही.

आता मराठी अक्षरांबद्दल. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, आपल्याकडे वर शिरोरेषा आहे. भरताना धागा कापडाला आत ओढतो, त्यामुळे प्रत्येक अक्षर किंचित आखडतं. शिरोरेषा आधी भरली तर नंतरची अक्षरं तिच्यापासून सुटलेली दिसतात, मध्ये फट पडते. म्हणून अक्षरं आधी भरा, थोडी वर चढवून, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका दमात. फटी झाकल्या जातात आणि नाव एका ओळीत बसतं. अक्षर १ सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, 'ठ' आणि 'क' मधली पोकळी धाग्यानं बुजते. तयार इंग्रजी नक्षी इंटरनेटवर ढिगानं मिळतात, पण नीट भरलेलं देवनागरी नाव सहज मिळत नाही. मला तरी धंद्याची जागा इथेच दिसते.

बाकी सामान थोडक्यात. वरचा धागा एम्ब्रॉयडरीचा, बॉबिनला बारीक धागा, सुई ११ नंबरची, कापडाखाली कॅनव्हास किंवा एम्ब्रॉयडरीचा कागद. वरचं टेन्शन थोडं सैल, म्हणजे खालचा धागा वर डोकावत नाही. आणि ब्लाउजचा तुकडा आधी कापू नका. बाहीचा आकार कापडावर नुसता आखा, आधी भरा, मग कापा. नाहीतर छोटा तुकडा रिंगमध्ये मावतच नाही.

हे सगळं बनवायचं कुठे? शिक्रापूरकरांचं नशीब चांगलं आहे. शिक्रापूरहून उत्तरेला पाबळचा रस्ता जातो. शिरूर तालुक्यातल्याच त्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधल्या संशोधनाची नोकरी सोडून हे शास्त्रज्ञ गावात राहायला आले, कारण मुलांनी करत करत शिकावं असं त्यांचं म्हणणं होतं. २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीनं तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. कॉम्प्युटरवर आखलेला भाग लगेच कापून, हातात घेऊन बघता येईल अशी कार्यशाळा म्हणजे फॅब लॅब. भावानं एकदा तिथे जाऊन बघावं, आणि आईलाही सोबत न्यावं. कारण टेन्शन कुठे बिघडलंय हे आवाजावरून ओळखणारी व्यक्ती त्या घरात एकच आहे, आणि ती भाऊ नाही.

कमाई होईल का? सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांचे पाचशे शर्ट लोगोसकट करायचे असतील, तर विसरा. तिथे एकाच वेळी अनेक डोक्यांची मशीनं मिनिटाला हजारच्या घरात टाके मारतात, त्यांच्याशी स्पर्धा नको. पण एकच नग हवा असेल, बारशाच्या दुपट्यावर नाव, एका ब्लाउजच्या दोन बाह्या, तर ते मोठ्या युनिटला परवडत नाही आणि आईला परवडतं.

तर ताई, पहिल्या महिन्यात मोटार आणूच नका. झाकणपट्टी, स्प्रिंगचा फूट आणि रिंग, एवढंच आणा. आईला हातानं रिंग फिरवून चार बुट्ट्या भरू दे, तेही रात्री, काम संपल्यावर. तेवढ्यात मशीनचं टेन्शन, शटल, सुई सगळं तपासलं जाईल. हातानं टाका सुटत असेल तर मोटारीनंही सुटणार. ते जमलं की मला तीन मापं पाठवा: सुईपासून उभ्या खांबापर्यंतचं अंतर, फूट वर केल्यावर त्याच्याखाली राहणारी उंची आणि टेबलाच्या फळीची जाडी. पहिल्यावरून रिंग ठरते, दुसऱ्यावरून रिंगची जाडी, तिसऱ्यावरून शिकंजे. फोटोसुद्धा टाका, पण मापपट्टी शेजारी ठेवून.