भेगांच्या मागावर

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून निघालेला रस्ता भोसरी, मोशी, चाकण करत नाशिक गाठतो. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, ओझरला, हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. १९८७ साली पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झालेल्या मिग-२९ विमानांचे मूळ आयुष्य २५ वर्षांचे होते. २००८ मध्ये रशियाशी आधुनिकीकरणाचा करार झाला. पहिली सहा विमाने रशियात गेली, बाकीचे काम ओझरने अंगावर घेतले. आयुष्य ४० वर्षांवर गेले.

ही वाढीव पंधरा वर्षे नुसत्या सहीने मिळत नाहीत.

एकाच जागी वाकवत राहिलेली तार शेवटी तुटते. पंखाच्या धातूचेही तेच. नऊ ‘जी’च्या वळणात विमानाच्या सांगाड्यावर वजनाच्या नऊपट भार येतो. अशी वळणे कुणाच्या वाट्याला जास्त येतात, कुणाच्या कमी; म्हणून एकाच वर्षी बनलेली दोन लढाऊ विमाने सारखी झिजत नाहीत. प्रवासी विमानात दर उड्डाणाला केबिन हवेच्या दाबाने फुगते आणि सैलावते, त्यामुळे तिथे तासांइतक्याच फेऱ्याही मोजतात. १९८८ साली अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवेतच उडाले, तेव्हा त्याच्या ८९ हजारांवर फेऱ्या झालेल्या होत्या.

भेग शोधण्याची एक पद्धत भोसरी-चाकणच्या कामगारांच्या रोजच्या ओळखीची आहे: डीपी टेस्ट. भाग आधी स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल रंग फवारायचा आणि दहाएक मिनिटे तसाच ठेवायचा. मग रंग पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर आत मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. मात्र पृष्ठभागावर तोंड उघडलेलीच भेग अशी सापडते. रिव्हेटच्या भोकाभोवतीच्या भेगांसाठी एडी करंट, आणि खोलवरच्या दोषांसाठी अल्ट्रासोनिक किंवा एक्स-रे लागतो.

पुढचा भाग गणिताचा. उपकरणाला दिसू शकणारी सर्वांत लहान भेग धोक्याच्या लांबीपर्यंत किती उड्डाणांत वाढेल, हे काढतात. तेवढ्या काळात निदान दोनदा तपासणी व्हावी, असे वेळापत्रक आखतात. पहिल्यांदा नजरेतून सुटलेली भेग दुसऱ्यांदा तरी सापडावी.

एप्रिल २०१८ मध्ये याच डेपोने ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई-३० एमकेआय हवाई दलाला परत दिले. हवाई दलाकडे अशी अडीचशेच्या आसपास विमाने आहेत आणि त्या प्रत्येकाची पाळी येणारच आहे.