ओव्हन नाही, वेळही नाही? एकाच कढईत सॉसेज आणि भाज्या अशा भाजा

बोईसर-तारापूरला एमआयडीसीतली शिफ्ट सुटते किंवा डहाणू लोकल पालघर स्टेशनात शिरते, तेव्हा अनेकांच्या घरी रात्रीच्या जेवणाचा पत्ताच नसतो. भाड्याच्या खोलीत दोघं-तिघं मिळून राहत असतील, तर पोळी, भाजी, आमटी, भात असा घाट घालायचं त्राण कुणातच उरत नाही. मग वडापाव, नाहीतर चायनीजची गाडी. रोज तेच खाल्लं की खिसाही हलका होतो आणि पोटही कुरकुरतं.

अशा वेळी रील्समध्ये दिसणारं ‘वन पॅन डिनर’ मोह पाडतं. ट्रेमध्ये भाज्या पसरल्या, वर सॉसेज ठेवले, ट्रे ओव्हनमध्ये ढकलला, जेवण तयार. अडचण एकच, खोलीवर ओव्हन नसतो. पण हाच पदार्थ गॅसवर, एका कढईत, साधारण ३० ते ३५ मिनिटांत होतो. कसा, ते पाहूया.

एकाच भांड्यात भाजणं आपल्याकडे नवीन आहे का?

अजिबात नाही. दक्षिणेला रायगडमध्ये हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, चिकन भरून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. उत्तरेला वलसाडच्या बाजूला याच पद्धतीने शेंगा आणि कंद घालून उबाडियू करतात. या दोन्हींच्या मधल्या पालघर-वसई पट्ट्यात थंडीत उकडहंडी होते.

पोपटी आणि उबाडियू यांत पाणी घालत नाहीत. भाज्यांच्या अंगच्या पाण्याची वाफ होते, ती आत कोंडते आणि जिन्नस त्यातच शिजतात. सोबत मडक्याच्या तापलेल्या अंगाला लागून ते खरपूसही होतात. कढईत आपल्याला हेच दोन टप्प्यांत करायचं आहे. आधी झाकण ठेवून वाफ, मग झाकण काढून भाजणं.

साहित्य काय लागेल? (दोघांसाठी)

- सॉसेज २०० ते २५० ग्रॅम
- बटाटे २, गाजर १
- ढोबळी मिरची १ मोठी
- कांदे २, लसणाच्या पाकळ्या ८ ते १०
- तेल २ मोठे चमचे
- मिरपूड, लाल तिखट, अर्धं लिंबू

डहाणू-पालघर भागात ढोबळी मिरचीची शेती होते आणि वाणगाव तर मिरचीसाठीच ओळखलं जातं, त्यामुळे बाजारात ताजा माल मिळणं अवघड नाही. घरात वसईकडचा बॉटल मसाला असेल, तर लाल तिखटाऐवजी तो अर्धा चमचा घाला. पदार्थाची चवच बदलते.

करायचं कसं?

१. बटाटे आणि गाजर साधारण २ सेंटीमीटरच्या फोडींत चिरा. फोडी एकसारख्या ठेवा, नाहीतर काही करपतील आणि काही कच्च्या राहतील. कांद्याच्या जाड पाकळ्या करा, ढोबळी मिरचीचे मोठे तुकडे करा.

२. धुतलेल्या भाज्या कापडाने कोरड्या करा. ही पायरी गाळू नका.

३. सपाट बुडाची जाड कढई किंवा मोठा खोलगट तवा मध्यम आचेवर तापवा. तेल घालून बटाटे, गाजर टाका आणि झाकण ठेवून ८ ते १० मिनिटं शिजवा. पाणी घालू नका. मध्ये एकदा हलवा.

४. झाकण काढा. सॉसेज अख्खे किंवा दोन तुकडे करून कढईच्या बुडाला टेकतील असे ठेवा. कांदा आणि लसूण घाला. दर ३-४ मिनिटांनी उलटत १० मिनिटं भाजा.

५. शेवटी ढोबळी मिरची, तिखट आणि मिरपूड घालून आच मोठी करा आणि ४ ते ५ मिनिटं परता. मिरची थोडी कुरकुरीत राहिली पाहिजे.

६. गॅस बंद करून लिंबू पिळा. चव पाहूनच मीठ घाला. सॉसेजमध्ये आधीच भरपूर मीठ असतं, त्यामुळे बहुतेक वेळा वरून लागतही नाही.

सोबत पाव, भाकरी किंवा उरलेला भात, काहीही चालतं. घासायला भांडं एकच.

भाजायला घेतलं आणि गिचका झाला, असं का होतं?

कारण पाणी. भाजीच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही. खरपूस तपकिरी रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओल्या भाज्या घातल्या किंवा कढई गच्च भरली, की फक्त वाफ धरते आणि सगळं मऊ पडतं. मीठ आधी घातलं तरी भाज्यांना पाणी सुटतं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. भाज्या कोरड्या हव्यात, कढईत एकच थर हवा आणि सारखं ढवळत बसायचं नाही. चौघांसाठी करायचं असेल तर दोन घाणे काढा.

ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह असेल तर?

ओटीजी असेल तर काम आणखी सोपं आहे. सगळं तेलात घोळवून ट्रेमध्ये पसरा आणि २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. ढोबळी मिरची शेवटच्या १५ मिनिटांसाठी घाला. १,५०० वॅटचा ओटीजी ४० मिनिटं चालला तर जास्तीत जास्त १ युनिट वीज लागते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र पदार्थ शिजेल, भाजला जाणार नाही. इंडक्शनवर सपाट बुडाचं, चुंबक चिकटेल असं भांडं वापरा.

सॉसेज घेताना काय बघायचं?

सगळ्यात आधी पाकीट वाचा. फ्रीझरमधले अनेक चिकन सॉसेज आधीच शिजवलेले असतात, त्यांना नीट गरम करून रंग आणणं पुरतं. कच्चे असतील तर आतपर्यंत शिजायलाच हवेत. चिकनसाठी आतलं तापमान ७४ अंश हा सुरक्षित आकडा मानला जातो. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड सॉसेज मधोमध कापा. आत गुलाबी, चिकट भाग दिसला तर आणखी शिजवा.

गोव्याचा चॉरिस वापरणार असाल तर तो कच्चा, मुरवलेला असतो. वरचं आवरण काढून नीट शिजवा. त्याला स्वतःची चरबी, मीठ आणि व्हिनेगर असल्याने तेल नावापुरतं घाला आणि लिंबू वगळा.

दुसरी गोष्ट प्रवासाची. विरार किंवा बोरिवलीहून फ्रोझन पाकीट घेऊन लोकलने बोईसरला येणार असाल, तर घरी पोचेपर्यंत ते वितळू शकतं. असं मांस २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात १ तासाच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं बरं. शक्यतो घराजवळच्या दुकानातून घ्या. वितळवायचं असेल तर ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

मग हे रोज खाल्लं तर चालेल का?

नाही, आणि हा भाग रील्समध्ये सहसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला ‘गट १’मध्ये टाकलं. म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होऊ शकतो, याचा पुरेसा पुरावा आहे. रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज.

सिगारेटही याच गटात आहे. त्यामुळे ‘सॉसेज म्हणजे सिगारेटच’ अशा पोस्ट फिरतात, पण त्या दिशाभूल करणाऱ्या आहेत. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. तंबाखूचा धोका कितीतरी पटींनी जास्त आहे. आणि १८ टक्के ही वाढ मूळ जोखमीवर मोजलेली आहे. शंभरातल्या १८ जणांना कर्करोग होतो, असा तिचा अर्थ नाही.

मिठाचंही तसंच. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असेल तर पाकिटावरचा सोडियमचा आकडा आधी बघा.

थोडक्यात, सॉसेज अधूनमधून खा आणि भाज्यांचं प्रमाण दुप्पट-तिप्पट ठेवा. इतर दिवशी हीच कढई, हीच पद्धत वापरा आणि फक्त सॉसेज बदला. पनीर घातलं तर ५ मिनिटं पुरतात. उकडलेली अंडी अर्धी करून शेवटी परतता येतात. आणि समुद्रकिनारी राहण्याचा फायदा घ्यायचा तर साफ केलेली कोळंबी ढोबळी मिरचीसोबत घाला, ३-४ मिनिटांत ती शिजते. त्यापेक्षा जास्त ठेवली, तर मात्र रबरासारखी होते.