फ्रीज उभाच न्यावा

घर बदलायचे म्हटले की मला पहिली काळजी पुस्तकांची. २०१९च्या मे महिन्यात आम्ही सोलापूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले, तेव्हाही कवितांच्या वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसलो आणि फ्रीज हमालांच्या हवाली केला. "चाचा, आडवा टाकतो, वर गाद्या बसतील," एक जण म्हणाला. मी मान डोलावली. फ्रीज आणि कपाट यांत काही फरक असतो, हे माझ्या बी. ए.च्या अभ्यासात नव्हते!

पुण्यात पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होते. अम्मीचे इन्सुलिन थर्मासमध्ये होते. ते लवकर गार जागी जावे म्हणून फ्रीज उभा केला आणि लगेच बटण दाबले. घरघर झाली, टक् असा आवाज आला आणि सगळे शांत. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. मागे वाकून पाहिले आणि विचारले, "साहेब, आडवा आणला होता का?"

मग त्याने समजावले. फ्रीजच्या मागे खाली काळ्या मडक्यासारखा दिसतो तो कॉम्प्रेसर. त्याच्या पोटात मोटर आणि पंप स्प्रिंगांवर बसवलेले असतात आणि तळाशी तेल असते. फ्रीज आडवा झाला की हे तेल गॅसच्या नळ्यांत शिरते. गॅस दाबला जातो, तेल दाबले जात नाही. तशात मोटर सुरू केली तर पंपाच्या झडपा तुटू शकतात, किंवा केसासारख्या बारीक नळीत तेल अडकते. खड्ड्यांतून आडवा हिंदकळला तर स्प्रिंगाही निसटतात. आमचा कॉम्प्रेसर बदलावा लागला.

त्या आठ दिवसांत अम्मीनेच वाट काढली. सील न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये लागतात. त्या शेजारच्या ताईंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण ३० अंशांच्या आत. पुण्यातला मे महिना कुठला ऐकतो? अम्मीने मातीचे मडके ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवले आणि बाटली डबीत घालून आत ठेवली. थर्मासमध्ये बर्फाला चिकटवून मात्र इन्सुलिन कधीही ठेवू नये. एकदा गोठले की ते फेकूनच द्यावे लागते.

आता नेण्याची रीत. आदल्या दिवशी फ्रीज रिकामा करून बंद करावा, दार उघडे ठेवावे, बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडण्याचा मोह अनेकांना होतो. बर्फाच्या कप्प्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात. एक टोचा बसला की गॅस गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातलाच. थोडासाच असतो, पण पेट घेणारा. मागचा पाण्याचा ट्रे ओतून घ्यावा. काचेचे कप्पे काढून जुन्या चादरीत गुंडाळावेत. दार कापडी पट्टीने बांधावे. चिकटपट्टीने रंग निघतो. उचलताना दाराच्या मुठीला किंवा मागच्या जाळीला धरू नये, तळाला हात घालावा. जिन्यात थोडा कलवावा लागतोच, पण ४५ अंशांपेक्षा जास्त नको. टेम्पोत उभा ठेवून दोराने आवळून बांधावा.

आडवा न्यावाच लागला, तर जितके तास आडवा होता निदान तितके तास तो नुसता उभा ठेवावा. प्रवास लांबचा असेल तर अख्खा दिवस. कंपनीच्या पुस्तिकेत वेळ दिलेली असते, ती पाहावी. पुस्तिका बहुधा सापडत नाही, हा भाग वेगळा. भिंतीपासून थोडा दूर ठेवावा, चालू केल्यावर आधी रिकामाच गार होऊ द्यावा आणि मग सामान भरावे.

२०२३मध्ये आम्ही पुण्यातच पुन्हा घर बदलले. या वेळी वह्यांची पिशवी मुलाकडे दिली आणि टेम्पोत फ्रीजला धरून मी उभा राहिलो. नव्या घरी अम्मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसली. दर अर्ध्या तासाने विचारायची, "अब लगाऊं क्या रे?" रात्री नऊला मी हो म्हणालो. बटण तिनेच दाबले.