वायरलेस ब्रिज : एका लिंकवरच्या वेगळ्या वाटा

वायरलेस ब्रिज म्हणजे दोन टोकांना दोन रेडिओ, प्रत्येकाला एक डिश, आणि मधल्या हवेतून जोडलेली दोन नेटवर्क. अलीकडच्या स्विचमधून निघालेली फ्रेम पलीकडच्या स्विचमध्ये जशीच्या तशी उतरते. मध्ये केबल नाही, हे दोन्हीकडच्या संगणकांना कळतही नाही. ब्रिजची सगळी सोय यात आहे आणि धोकाही यातच आहे, कारण ब्रिज स्वतःहून काही निवडत नाही. पलीकडे ज्याचे काहीच काम नाही तेही तो वाहून नेतो, आणि कोण कोणाच्या संगणकात डोकावतो याची विचारपूस करत नाही. ती विचारपूस त्याला शिकवावी लागते.

वऱ्हाडात असे ब्रिज दोन अगदी निराळ्या मुलखांत उभे राहतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग सपाट आहे. मध्यम उंचीच्या टॉवरवरूनही दूरवर नजर जाते. मात्र समोरचा टॉवर दिसला म्हणजे लिंक बसली असे नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर वीस किलोमीटरची लिंक घेतली, तर मध्यावर सरळ रेषेभोवतीच्या पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची त्रिज्या सुमारे १६ मीटर भरते, आणि तिच्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. बांधावरच्या कडुनिंबाचे शेंडे त्यात घुसले की वेग घसरतो. परवान्याची अडचण फारशी राहिलेली नाही. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना खुले केले.

मेळघाटात गणित उलटे होते. डोंगर आडवे येतात आणि सागाचे जंगल ऋतूप्रमाणे वागते. एप्रिल-मे महिन्यात साग निष्पर्ण असताना जुळवलेली डिश उत्तम चालते. पावसाळा लागून मोठाली ओली पाने फुटली की तीच लिंक कोलमडते, कारण पानांतले पाणी या लहरी शोषून घेते. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर हरिसाल लागते. २०१५च्या अखेरीस राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी या गावाला ‘डिजिटल गाव’ करण्याची घोषणा केली. तिथे टीव्हीच्या रिकाम्या लहरींचे, म्हणजे ‘व्हाइट स्पेस’चे तंत्र निवडण्यामागे हाच भूगोल होता. भारतात तेव्हा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरदर्शनच्या वाट्याचा होता, आणि बऱ्याच ठिकाणी तो रिकामाच असे. तिथली लहर अर्ध्या मीटरहून लांब असते. झाडीतून ती बरीच पार होते, टेकडीच्या कडेवरून थोडी वळतेही. या बदल्यात वेग कमी मिळतो. पुढे २०१९च्या निवडणूक प्रचारात हरिसाल खरोखर किती डिजिटल आहे यावर राज्यभर वाद रंगला. त्यात राजकारण भरपूर होते, तंत्राची चर्चा थोडी.

तंत्राच्या बाजूने प्रश्न साधा आहे. अशा गावात येणारी लिंक बहुधा एकच असते, तीही अरुंद. तिच्यावर आरोग्य केंद्राचे टेलिमेडिसिन, शाळेतले वर्ग, ग्रामपंचायतीचे दाखले आणि चौकातले मोफत वायफाय असे सगळे एकदम बसते. विभागणी केली नाही, तर चौकातल्या मोबाइलवर चाललेला व्हिडिओ डॉक्टरांचा कॉल तोडतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच मोबाइलवरून आरोग्य केंद्राचा संगणक सापडू शकतो.

विभागणीचे रुळलेले साधन म्हणजे व्हीलॅन, एकाच लिंकवरची आभासी वेगळी नेटवर्क. १९९८ साली आलेल्या आयईईई ८०२.१ क्यू या मानकाने इथरनेटच्या फ्रेममध्ये चार बाइटचा एक टॅग घालण्याची सोय केली. पहिले दोन बाइट फक्त ‘इथे टॅग आहे’ एवढे सांगतात. उरलेल्या सोळा बिटांपैकी तीन प्राधान्यासाठी, एक गर्दीत ही फ्रेम टाकून दिली तरी चालेल का हे सांगण्यासाठी, आणि बारा व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. बारा बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४०९४. गावाला पाच-सहा पुरतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते, आणि हे चार जादा बाइट न पेलणारे जुने किंवा स्वस्त उपकरण मध्ये असले की गंमत होते : पिंग जाते, पण मोठी फाइल अडकते. अशा वेळी दोष बहुधा डिशच्या जुळवणीवर ढकलला जातो आणि माणूस विनाकारण टॉवरवर चढतो.

अकोटकडची एखादी जिनिंग-प्रेसिंग डोळ्यांसमोर आणली की मांडणी स्पष्ट होते. गावातल्या कार्यालयातून गावाबाहेरच्या कारखान्यापर्यंत एक ब्रिज. पलीकडे वजनकाट्याचा संगणक, हिशेबाची दोन यंत्रे, आवारातले कॅमेरे आणि पाहुण्यांसाठी वायफाय. काटा व हिशेब व्हीलॅन १० मध्ये, कॅमेरे २० मध्ये, पाहुणे ३० मध्ये आणि रेडिओ व स्विच यांची देखभाल ९९ मध्ये, असे क्रमांक देता येतात. कॅमेऱ्याची केबल ज्या पोर्टमध्ये जाते तो ॲक्सेस पोर्ट. तिथे टॅग स्विच लावतो, कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. स्विच आणि रेडिओ यांच्यामधला पोर्ट ट्रंक. त्यावरून चारही व्हीलॅन टॅगसह जातात. ट्रंकवर टॅग नसलेल्या फ्रेमला जागाच ठेवू नये. ती फ्रेम मूळ व्हीलॅनमध्ये जाऊन पडते, आणि दोन टॅग चढवून दुसऱ्याच्या व्हीलॅनमध्ये शिरण्याची जुनी युक्ती याच फटीतून चालते.

रेडिओच्या बाजूला एक अट आहे. वायफायच्या नेहमीच्या डेटा फ्रेममध्ये तीन पत्ते असतात आणि ग्राहक बाजूचा रेडिओ आपल्या मागच्या यंत्रांचे मॅक पत्ते, म्हणजे त्यांच्या नेटवर्क कार्डांचे क्रमांक, पुढे नेऊ शकत नाही. पारदर्शक ब्रिजला चार पत्त्यांची पद्धत लागते, जिला सेटिंगच्या पानावर बहुधा डब्ल्यूडीएस म्हणतात. ती दोन्ही टोकांना चालू नसेल तर पलीकडची सगळी यंत्रे एकाच मॅक पत्त्याआड दिसतात आणि मॅकवर आधारलेले नियम निरुपयोगी ठरतात.

बदल करण्याचा क्रम या कामात सर्वांत जास्त फसवतो. देखभालीचा व्हीलॅन आधी जवळच्या टोकाला बदलला, तर दूरच्या रेडिओशी संपर्क तुटतो आणि तो दुरुस्त करायला तिथवर जावे लागते. म्हणून दूरचे टोक आधी, जवळचे नंतर. बऱ्याच रेडिओंमध्ये बदल तात्पुरता लावून पाहण्याची सोय असते. ठरावीक वेळात पक्का केला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. ती न वापरता थेट बदल करणे हा धाडसाचा नव्हे, आळसाचा प्रकार आहे.

व्हीलॅन वेगळे केले म्हणजे ते एकमेकांपासून सुरक्षित झाले, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात सगळे व्हीलॅन एका राउटरपाशी भेटतात, आणि नियम नसतील तर राउटर त्यांना खुशाल जोडून देतो. नियमांची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. हिशेबाच्या यंत्रावरून कॅमेरे पाहता यावेत, कॅमेऱ्यांनी उलट हाक मारू नये. पाहुण्यांना इंटरनेट मिळावे, बाकी काही नाही. शेवटी ‘उरलेले सर्व बंद’. पाहुण्यांच्या वायफायवर ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोयही चालू असावी. आणि कोणी आपला घरचा राउटर उलटा जोडला तर तो भलतेच आयपी पत्ते वाटत सुटतो; त्याला स्विचवरचे डीएचसीपी स्नूपिंग आवरते.

हवेतल्या भागाची राखण वेगळी. मॅक पत्त्यांची यादी लावून लिंक बंद केली असे पुष्कळांना वाटते, पण मॅक पत्ता हवेत उघडाच जातो आणि ऐकणाऱ्याला तो उचलून स्वतःला लावता येतो. खरी कडी एन्क्रिप्शनची : डब्ल्यूपीए२ २००४चे, डब्ल्यूपीए३ २०१८चे. २००१मध्येच मोडीत निघालेले डब्ल्यूईपी आजही एखाद्या जुन्या रेडिओत सापडते. ते बदलण्यात विलंब नको.

सर्वांत दुर्लक्षित दार रेडिओच्या स्वतःच्या सेटिंगचे. देखभालीचे पान इंटरनेटकडून उघडे आणि फर्मवेअर जुने, हे दोन्ही जमले की काय होते ते मे २०१६मध्ये दिसले. युबिक्विटी कंपनीच्या एअरओएस रेडिओंमध्ये तेव्हा एक वर्म पसरला. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे फर्मवेअर जुलै २०१५पासून उपलब्ध होते. म्हणून देखभाल फक्त व्हीलॅन ९९ मधून, तीही ठरावीक एक-दोन यंत्रांवरूनच. टेलनेट आणि साधे एचटीटीपी बंद, एसएसएच आणि एचटीटीपीएस चालू.

मांडणी झाली की ती मोडून पाहायची. पाहुण्यांच्या वायफायवरून काट्याच्या संगणकाला पिंग करावे. कॅमेऱ्याची केबल काढून तिथे लॅपटॉप लावावा आणि रेडिओचे पान उघडते का पाहावे. दोन्हीकडे उत्तर आले नाही तर विभागणी जमली. रेडिओंची घड्याळे एनटीपीने जुळवून नोंदी एका सर्व्हरवर साठवाव्यात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशानुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.